पाचवी पुरणपोळी आणि अंबडचा स्क्वॉश संघ

तुम्ही ताटावर दोन्ही हात आडवे धरले आहेत, तोंडाने स्पष्ट ‘नको’ म्हटलं आहे, आणि तरीही कुणी तुमच्या बोटांच्या फटीतून पाचवी पुरणपोळी ताटात सरकवली, तर वाचकहो, त्याला तुम्ही प्रेम म्हणाल की अतिक्रमण?

उत्तराची घाई करू नका. मी केली, आणि त्यापायी जालना जिल्ह्यात एक मांडव उभा राहिला.

निघण्याआधी, चिपळूण

आमच्या घरी छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका छापून आमचं पोट भरतं, पत्रकं छापून वडिलांचं मन भरतं. मी मुळाक्षरं शिकले ती ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर. धाकटा भाऊ निनाद त्याच घरात वाढला, पण त्याने लेखणीऐवजी रॅकेट धरली. तो आमच्या कॉलेजच्या स्क्वॉश संघाचा कप्तान आहे.

स्क्वॉश ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चार भिंतींच्या एका खोलीत दोन खेळाडू असतात आणि मध्ये जाळी नसते. दोघांनी आळीपाळीने एक छोटा काळा रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा. चेंडू जमिनीवर एकदा पडला तर चालतो, दुसऱ्यांदा पडला की पॉइंट गेला. आणि आपण मारून झालं की दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. इतका सभ्य खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या कॉलेजात एका माजी विद्यार्थ्याने हौसेने असं कोर्ट बांधून दिलं. प्राचार्यांना ते पहिल्यापासून सलत होतं, कारण परीक्षेच्या खुर्च्या व्हरांड्यात भिजतात आणि ही एवढी कोरडी खोली पाच पोरांसाठी अडून राहते. या वर्षी त्यांनी निनादला बोलावून सांगितलं, “अंबडला जाताय ना? तिथून एक सामना जिंकून या. पाच म्हणत नाही, एक. नाहीतर कोर्टात खुर्च्या.”

ही अट साधी वाटेल. ती साधी नव्हती. अंबडच्या कॉलेजचा पुरुष स्क्वॉश संघ दर हिवाळ्यात बाहेरच्या संघांना घरी बोलावतो आणि पाचच्या पाच सामने हरवून परत पाठवतो. त्यांच्या गावी कुणी एकही सामना जिंकल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. तिथून हरून आलेल्यांना मी विचारलं, “खेळतात कसे?” प्रत्येकाने डोळे मिटून एकच उत्तर दिलं, “जेवण काय होतं.”

माझ्या मनात संशयाची पहिली ठिणगी पडली ती तिथे. क्रीडाशिक्षकांना परीक्षेचं काम लागलं होतं, म्हणून संघाची व्यवस्थापक होऊन मी निघाले. बॅगेत गोळ्या, बँडेज आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा घेतला.

अंबड, शनिवार सकाळ

रेल्वे आणि एसटी यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बसायला जागा मिळाली. अंबडच्या स्टँडवर आम्हाला न्यायला दोन माणसं आली होती. एक गाढे सर, त्यांचे क्रीडाशिक्षक. उंची बेताची, मफलर मोठा. दुसरा दत्ता, त्यांचा कप्तान. तो इतका किडकिडीत होता की निनाद माझ्या कानात म्हणाला, “हा? हा सगळ्यांना हरवतो?”

“प्रवास बराबर झाला ना?” गाढे सरांनी विचारलं. “चला मंग. आधी चहा, मंग हुरडा, मंग जेवण.”

“आणि सराव?” मी विचारलं.

सरांनी दत्ताकडे पाहिलं. दत्ताने आभाळाकडे पाहिलं. “जेवणानंतर करू की,” तो म्हणाला.

आमची उतरण्याची सोय गावाच्या कडेला दत्ताच्या घरी होती. घराशेजारीच त्याच्या चुलत्याची बंद पडलेली जिनिंग आहे. जिथे कापसाच्या गाठी रचत, त्या गोदामात त्यांनी कोर्ट केलंय. भिंतींना गुळगुळीत गिलावा, त्यावर लाल रेघा. समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी लागते, चेंडू फार खाली गेला तर आवाज यावा म्हणून. आमच्याकडे ती पट्टी परदेशातून आली. इथे गोडेतेलाचे डबे कापून, ठोकून सपाट करून लावलेत. एका डब्यावरचा शेंगदाण्याचा गुच्छ अजून ओळखू येतो. वर माळ्यावर प्रेक्षक बसतात, पाय खाली सोडून.

“नेम धरायला शेंगा बऱ्या पडतात,” दत्ता म्हणाला.

शेतात

दत्ताचं शेत अंतरवाली सराटीच्या बाजूला आहे. वाटेत दोन्हीकडे वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, मध्येच हिरवीगार ज्वारी, आणि जमीन अशी सपाट की आमच्या कोकणातल्या माणसाला डोळे कुठे टेकवावेत कळत नाही. आमच्याकडे कुठेही पाहिलं की शंभर पावलांवर डोंगर आडवा येतो. इथे नजर निघाली की निघालीच.

शेतात खड्डा खणून त्यात शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. ज्वारीची कोवळी कणसं त्यात भाजायची, हातावर चोळायची आणि गरम हिरवे दाणे फुंकर मारून पाहुण्याच्या ओंजळीत टाकायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. अंबडचे पाचही खेळाडू आगटीभोवती बसून कणसं चोळत होते. खात होतो ते आम्ही. आमच्यातला समीर, ज्याचं पोट भरलेलं त्याच्या आईनेही कधी पाहिलेलं नाही, तो दाणे तोंडात टाकता टाकता आडवा झाला आणि तिथेच घोरायला लागला.

“तुम्ही नाही खात?” मी दत्ताला विचारलं.

“पाव्हण्यांचं होऊ द्या,” तो म्हणाला.

हे वाक्य मी मनात टिपून ठेवलं.

पंगत

दुपारी दत्ताच्या अंगणात पंगत बसली. पंगतीत आम्ही सहाजण आणि समोर वाढायला त्यांचा अख्खा संघ. मी आधी स्वयंपाकघरात डोकावले, कारण पुरुष खेळणार आणि बायका राबणार या विषयावर माझ्याकडे तयार मजकूर होता. चुलीपुढे दत्ताची आई बसली होती, आणि तिच्या शेजारी संघातले दोघे घामाघूम होऊन पुरण वाटत होते.

“ताई, तुम्ही बाहेर बसा,” काकू मला म्हणाल्या. “हितं ही दोन धेंडं मावंना, तुम्ही कुठं येता?”

माझा मजकूर वाया गेला. मी बसले.

आता ते वाढप नीट वाचा. दत्ताच्या डाव्या हातात येसराच्या आमटीची बादली होती. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी इकडे लग्नकार्यात करतात. ती अशी लागते की माणूस वाटी पालथी करायची विसरतो. दत्ताच्या उजव्या हातात ओगराळं. तो पंगतीच्या मधून धावत यायचा, एक गुडघा जमिनीला लागेल इतका खाली वाकायचा, मनगटाचा एक झटका द्यायचा, आणि आमटी वाटीत पडलेली असायची, थेंबही बाहेर नाही. लगेच उभा राहून मागे, पुन्हा मधोमध. समोरून तुपाची तपेली घेऊन दुसरा आला की न बोलता हा बाजूला. पाचजण त्या अरुंद पट्ट्यात गुंफल्यासारखे फिरत होते आणि कुणाचा कुणाला धक्का नाही. मला हे दिसत होतं. पण मी त्या वेळी पोळ्या मोजत होते.

आमच्याकडे पाहुण्याला एकदा विचारतात, “भात वाढू?” तो नको म्हणाला की टोपावर झाकण पडतं. पाहुण्याच्या शब्दाला किंमत असते. इथे मी तिसऱ्या पोळीला नको म्हणाले, तर गाढे सर दुखावल्या चेहऱ्याने म्हणाले, “तिसरीला कोणी नको म्हणतं का? तिसरी तर मोजतच न्हाईत.” चौथी काकूंच्या नावाची झाली. पाचवीला मी हात आडवे धरले. पुढचं तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलंय.

निनादचं तर ताट दिसेनासं झालं होतं. जेवणानंतर त्याला उठवायला दोघे लागले. सराव झाला नाही. आमचा संघ ओसरीवर ओळीने निजला होता आणि त्यांचा संघ, अजून उपाशी, उष्टी ताटं उचलत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाहुणे तुडुंब आणि यजमान हलके. हे पाहुणचाराच्या नावाखाली चाललेलं शस्त्र होतं, आणि त्याच्या पाठीमागे आमच्या कोर्टातल्या खुर्च्या वाट पाहत होत्या.

अंतरवाली सराटीचा चौक

चारच्या सुमाराला दत्ता शेतातून चारा आणायला निघाला होता. मी मोकळी हवा हवी म्हणून त्याच्या गाडीवर बसले. तो चारा भरेपर्यंत मी अंतरवाली सराटीच्या चौकात चहाच्या टपरीवर थांबले, कागद काढला आणि लिहायला घेतलं.

‘जाहीर निवेदन. पाहुण्याच्या पोटावर यजमानाचा हक्क नाही. ‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘नको’ असाच घेण्यात यावा. या मागणीसाठी चिपळूणचा संघ आज संध्याकाळपासून सामना होईपर्यंत उपोषण करील.’

शेवटच्या ओळीखाली मी रेघ मारत होते, तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला, “उपोषण लिहिलं का, ताई? हितं बसून?”

पांढरा फेटा, हातात चहाची बशी. सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी कागद मागून घेतला आणि सावकाश वाचला. टपरीवरचे चार लोक गोळा झाले. आपल्याकडे उपोषण म्हटलं की लोक मोबाइलमध्ये बघायला लागतात. या भागात तसं नाही. इथल्या माणसांनी तो शब्द जवळून पाहिलाय, त्याची हत्यारं त्यांच्या घरात आहेत.

“मजकूर चांगला हाय,” आबा म्हणाले. “पण मागणी बारकी हाय. एका मागणीवर कोणी बसतं का?”

“तत्त्वाची आहे,” मी म्हणाले.

“तत्त्व राहू द्या की. सोबत दोन-तीन चांगल्या टाका. मांडव सांगितला का? मंडपवाला माझा साडू हाय. आणि स्पीकर?”

“आम्ही फक्त जेवणार नाही आहोत, आबा. सहाजण. उद्या दुपारपर्यंत.”

“बराबर. सगळ्यांनी सुरुवातीला असंच म्हणलेलं असतंय.” त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

मांडव, रविवार सकाळ

संध्याकाळी मी उपोषण जाहीर केलं तेव्हा काकूंनी चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं. सकाळी दार उघडलं तर गोदामासमोर लाल-पांढऱ्या कापडाचा मांडव उभा होता. आत सतरंजी, लोड, पाण्याचा जार आणि मागे फलक: ‘चिपळूणकरांना न्याय मिळालाच पाहिजे’. कसला न्याय ते लिहिलं नव्हतं, जागा सोडली होती.

आरोग्य केंद्रातल्या एक बाई येऊन आमचा रक्तदाब तपासून गेल्या. समीरचा मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, “कधीपासून उपाशी?” तो म्हणाला, “काल रात्रीपासून.” त्यांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आठवडा निघंल.”

दहा वाजेपर्यंत मांडवात पन्नासेक माणसं जमली. एकाने आमच्या निवेदनात एसटीच्या फेऱ्या वाढवण्याची मागणी घातली, दुसऱ्याने विजेचं वेळापत्रक. एका आजोबांना जावयाबद्दल काही घालायचं होतं, त्यांना आबांनी समजावलं. मी माइकवर पाहुण्याच्या स्वातंत्र्यावर बोलले. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या, मग मागून एकाने विचारलं, “पण ताई, वाढलंच न्हाई तर पाव्हण्याला वाटंल ना, की ह्यांना आपण जड झालो?”

मी माइक आबांच्या हातात दिला.

मी पाणी प्यायला घरात गेले, तर आणखी एक गोष्ट कळली. चूल थंड होती. दत्ता आणि त्याचे चौघे ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, आमच्याइतकेच मलूल.

“तुम्ही का नाही जेवलात?” मी विचारलं.

“आता काय विचारून राह्यल्या, ताई,” काकू म्हणाल्या. “पाव्हणे उपाशी आन आम्ही जेवायचं का? त्याला जेवण म्हणत्यात?”

“अहो, पण आम्ही तुमच्याविरुद्ध उपोषणाला बसलोय.”

“बसा की. त्याचं काय न्हाई.”

आणि तेवढ्यात आतून समीरची किंकाळी आली. भूक अनावर होऊन तो चोरपावलांनी स्वयंपाकघरात गेला होता. कोपऱ्यातल्या दुरडीत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याला लागलं. गोल, काळं, कोमट. संक्रांत नुकतीच झालेली. काळ्या तिळाचा लाडू समजून त्याने कचकन चावा घेतला.

तो सामन्याचा चेंडू होता. थंड चेंडू उसळत नाही, म्हणून हे लोक सकाळी तो आधी अंगणातल्या शेकोटीशी शेकतात आणि खेळापर्यंत भाकरीच्या दुरडीत ऊबेला ठेवतात.

आबांनी मांडवातून येऊन चेंडू उलटसुलट पाहिला. “गिळला न्हाई ना? मंग उपोषण मोडलं न्हाई,” त्यांनी निकाल दिला.

गोदाम, दुपार

अशा रीतीने अंबडच्या त्या गोदामात पहिल्यांदाच दोन्ही संघ सारखेच उपाशी उतरले. मला वाटलं, आता खरं काय ते कळेल. कळलं.

आमचे पहिले चार खेळाडू हरले. समीर सर्वांत लवकर. चेंडूवर त्याच्या दातांची खूण होती, त्यामुळे तो वाकडा उसळत होता, पण तो दोघांनाही वाकडाच होता. मी माळ्यावर पाय सोडून बसले होते आणि खाली बघता बघता मला कालची पंगत आठवली. कारण ते खेळत नव्हते, वाढत होते. तीच मधोमध उभं राहण्याची सवय, तीच धाव, तोच जमिनीला टेकलेला गुडघा, मनगटाचा तोच झटका, आणि लगेच मागे, वाट मोकळी. तालुक्यातल्या सगळ्या लग्नांत हाच संघ पंगती वाढतो, हे शेजारी बसलेल्या काकूंनी मला त्याच वेळी सांगितलं. “आता लगीनसराई सुरू होईल,” त्या म्हणाल्या, “मंग बघा ह्यांचा खेळ.”

पुरणपोळीचा काही संबंध नव्हता. ते आम्हाला भरल्या पोटी हरवत होते आणि रिकाम्या पोटीही हरवत होते.

राहिला निनाद. पहिल्या क्रमांकाचा सामना इथे शेवटी ठेवतात. समोर दत्ता. आमच्या कोर्टाचं जे काही व्हायचं ते आता या एका सामन्यावर होतं, आणि निनाद तसाच खेळला. दोन गेम त्याचे, दोन दत्ताचे. पाचव्यात निनाद विजयापासून एका पॉइंटवर आला. एक पॉइंट, आणि खुर्च्या व्हरांड्यात राहतील.

दत्ताने चेंडू पुढच्या कोपऱ्यात असा टाकला, जसं द्रोणात तूप टाकतात. निनाद झेपावला, रॅकेट लांबवली, चेंडू उचलला आणि तो शेंगांच्या डब्याच्या जरासा वर लागून मेला. दत्ता पोचला नाही.

पंच होते गाढे सर. “पॉइंट पाव्हण्यांचा,” ते म्हणाले. “सामना पाव्हण्यांचा.” अख्खा माळा टाळ्यांनी हादरला. दत्ता हसत हात पुढे करून उभा होता.

पण मी वर होते आणि मला दिसलं होतं. रॅकेट पोचण्याआधी चेंडू दुसऱ्यांदा जमिनीला लागला होता. मी निनादच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं, की त्यालाही माहीत आहे. आयुष्यभर सत्य बोला म्हणून पत्रकं वाटणारी मी त्या क्षणी मनात म्हणत होते, गप बस. देवा, याला गप बसव.

“सर, दोनदा पडला,” निनाद म्हणाला.

“मला न्हाई दिसला.”

“मला दिसला.”

“पंच मी हाय ना? पॉइंट दिलाय तुम्हाला.”

“नको, सर.”

“घ्या हो,” दत्ता म्हणाला. “एका पॉइंटनं काय होतंय.”

“घ्या की,” वरून काकू म्हणाल्या. मग माळ्यावरून चहूकडून सुरू झालं. घ्या, पाव्हणे. लाजू नका. आमच्या नावाचा घ्या. एवढा एकच. आबा म्हणाले, “दिलेलं परत न्हाई करायचं, पोरा.” पन्नास माणसं माझ्या भावाच्या ताटात एक पॉइंट वाढायला निघाली होती. निनादने रॅकेट काखेत धरली आणि दोन्ही हात समोर आडवे धरले, पंगतीत धरतात तसे.

“नको म्हणजे नको,” तो म्हणाला.

गाढे सरांनी मफलर सारखा केला. “पॉइंट दत्ताचा,” ते हळू म्हणाले. माझ्या निवेदनातली मागणी जालना जिल्ह्यात मान्य झाली ती तिथे.

पुढचे दोन पॉइंट दत्ताने घेतले. सगळे सामने त्यांचे. कोर्ट गेलं.

पुन्हा मांडव

मी आबांना म्हटलं, आता उपोषण सोडतो. ते म्हणाले, “असं कसं? आश्वासन मिळाल्याबिगर सुटत असतंय का? रीत हाय ती. तुमची खरी मागणी काय हाय, ते सांगा आता.”

मग मी सांगितली. कोर्ट, खुर्च्या, प्राचार्य, सगळं. गाढे सर ऐकत होते. “आम्ही इतक्या जणांना बोलावलं,” ते म्हणाले, “पण तुम्ही आमच्याकडं या म्हणून आम्हाला कोणी बोलावलं न्हाई. हरलेला माणूस कशाला बोलावतोय.” मग ते माझ्याकडे वळले. “लावा फोन तुमच्या साहेबांना.”

फोन माइकला चिकटवून धरला.

“नमस्कार साहेब. अंबडहून गाढे बोलतो. पोरं हरली तुमची, पण आम्ही परतीच्या सामन्याला चिपळूणला येऊन राह्यलो. येत्या रविवारी.”

“अरे वा,” प्राचार्यांचा आवाज स्पीकरमधून अंबडच्या आसमंतात घुमला. “पण कोर्टात... म्हणजे त्या खुर्च्या आम्ही कालच आत टाकल्या.”

काल. सामन्याच्या आदल्या दिवशी. मांडवातून जो हुंकार निघाला तो त्यांना तिकडे ऐकू गेला असावा.

“हा आवाज कसला?”

“लोक हायेत साहेब. उपोषण चालू हाय.”

“कुणाचं?”

“तुमच्याच कॉलेजचं.”

खरखरीतून प्राचार्य म्हणाले, “खुर्च्या काढायला माझ्याकडे माणसं नाहीत. मुलांनी काढल्या तर माझी हरकत नाही. पाहुणे येणार असतील तोवर कोर्ट मोकळं राहील.”

“मंग आम्ही दर साली येतो,” गाढे सर म्हणाले आणि फोन बंद केला.

आबांनी लिंबूपाणी आणवलं आणि स्वतःच्या हाताने आम्हाला पाजलं. जावयाचं काय झालं, असं त्या आजोबांनी विचारलं. पुढच्या वेळी, आबा म्हणाले.

मग चूल पेटली. या वेळी मी अट घातली, की अंबडकर बसतील आणि आम्ही वाढू. कुणी ऐकेना. शेवटी मी पुन्हा उपोषणाचं नाव काढलं तेव्हा सगळे भराभर बसले. काय सांगू तुम्हाला. समीरने आमटी गाढे सरांच्या मफलरवर वाढली. मी भाकरी वाढताना आबांच्या फेट्याला कोपर मारलं. निनाद तर बादली घेऊन उभ्यानेच ओतायला लागला. दत्ता जेवता जेवता ओरडला, “खाली वाक, कप्तान. गुडघा टेकव. हां. आता मनगट. आता माघारी ये.” दहा-बारा वाट्या झाल्यावर निनाद थबकला, रिकाम्या हाताने एकदा तसंच वाकून पाहिलं, आणि माझ्याकडे बघून हसला.

निघताना दत्ता आम्हाला वाट वाकडी करून समर्थांच्या जन्मगावी, जांब समर्थला घेऊन गेला. तिथे देवळात प्रसाद घेताना मी हात एकदाच पुढे केला. मूठभर मिळाला. मागे सरकले, तर पुजारी म्हणाले, “एवढाच? लांबून आल्या न तुम्ही.” मी हात पुन्हा पुढे केला.

चिपळूण

परत येऊन कोर्टाचं दार उघडलं. म्हणजे अर्धंच उघडलं, कारण पुढे खुर्च्या आहेत. समोरच्या भिंतीची लाल रेघही दिसत नाही इतक्या वर रचल्या आहेत. आम्ही सहाजण आहोत, त्यात समीरचा दात दुखतोय.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही चिपळुणात किंवा आसपास असाल, तर या शनिवारी सकाळी कॉलेजात या आणि जमतील तेवढ्या खुर्च्या बाहेर काढू लागा. आणि रविवारी दुपारी पंगत वाढायला थांबा. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी आणि आईने करायला घेतलेल्या पुरणपोळ्या आहेत. खाली वाकून वाढायचं, मनगटाने, आणि लगेच वाट सोडायची. निनाद शिकवील. दत्ता चौथ्या पोळीला ताटावर हात आडवे धरील आणि नको म्हणेल. मी त्या वेळी पलीकडे, पाण्याच्या पिंपापाशी, पाठ करून उभी असेन. तुम्ही वाढा.